गुहेचं खालचं तोंड

पंपवाली बाई कुणाचीही जळालेली मोटर भरून द्यायची. फक्त एका घराची नाही.

टेकडीखालच्या बंगल्यातला माळी एकदा हातगाडीवर मोटर घालून आला होता. तिनं कुणाची ते विचारलं, आणि ऐकल्यावर हातातली तांब्याची तार गुंडाळत म्हणाली, "परत घेऊन जा. साहेबांना सांग, पाणी चढत नसेल तर बादल्यांनी चढवा." माळी हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. पुढच्या अर्ध्या भागात उघडलेल्या मोटरी, वार्निशचा वास, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पट्टे. मागच्या अर्ध्या भागात नवऱ्याचं लेथ. वर दोन खोल्या, तिथे तिची म्हातारी आई. नवरा सरळ माणूस. लग्न ठरलं तेव्हाच तिनं त्याला सांगून टाकलं होतं, "माझं एका माणसाशी वैर आहे. ते मी सोडणार नाही. चालत असेल तर बघा." त्याला चाललं.

ते वैर बावीस वर्षांपूर्वीचं. तिचे वडील टेकडीवरच्या गुहेचे वाटाडे होते. गुहेत दिवे आले तरी त्यांनी हातातला कंदील सोडला नाही, म्हणून लोक त्यांना कंदीलवाला म्हणत. गुहा कुठे वाकते, कुठे छत खाली येतं, ओढ्याचं पाणी कुठून आत शिरतं आणि कुठून बाहेर पडतं, हे त्यांना तळहातासारखं ठाऊक होतं. पाणी बाहेर पडायचं ते खालच्या तोंडातून. झुडपांत लपलेलं, माणूस वाकून जाईल एवढं ते भोक. पर्यटन खात्याच्या एका तरुण इंजिनिअरनं गाड्या उभ्या करायला टेकडीच्या पायथ्याशी मैदान केलं, त्याला शंभर पावलं लांब दगडी भिंत घातली, आणि त्या भिंतीमागे खालचं तोंड गाडून टाकलं. एक पाइप तेवढा ठेवला. कंदीलवाला दोनदा जाऊन सांगून आला, "साहेब, मोठा पाऊस आला तर हे पाणी जाणार कुठे?" साहेब म्हणाले, "तुम्ही कंदील धरा."

पुढच्याच वर्षी पाणी भरलं आणि दोन पाहुणे बुडाले. कंदीलवाल्यानं बाकीच्या सहा जणांना बाहेर काढलं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. चौकशीत साहेबांनी शांतपणे सांगितलं, की गुहेला असं खालचं तोंड कधी नव्हतंच. वाटाड्यानं निष्काळजीपणा केला आणि आता गोष्टी रचतो आहे. बाकीचे दोघं वाटाडे आपापल्या पोटाकडे बघून गप्प बसले. कंदीलवाल्याचा बिल्ला काढून घेतला. गुहेच्या दारात पाटी लागली: वाटाड्याच्या चुकीमुळे येथे दोन बळी गेले. त्यानंतर चार वर्षं तो माणूस मागच्या दारानं जायचा, मागच्या दारानं यायचा, आणि मग गेलाच.

मुलगी तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिनं अर्ज केले, उत्तरं आली नाहीत. साहेब चढत चढत त्या खात्याचे जिल्ह्यातले मुख्य झाले. तिनं मनात एकच गोष्ट धरून ठेवली. त्या माणसाचं वाईट व्हावं असं नाही. त्यानं आपल्या तोंडानं, चार माणसांत, मोठ्यानं सांगावं की तोंड होतं आणि मी बुजवलं. मग त्याचं काय व्हायचं ते होवो. आणि वाईट झालं, तर बघायला आपण तिथे असावं.

शाळेची सहल गुहेत गेली त्या दिवशी सकाळी आभाळ कोरडं होतं. वर डोंगरात ढग फुटला आणि तासाभरात ओढा गुहेत घुसला. अकरा मुलं आणि एक शिक्षिका आत अडकली. दोर धरून आत गेलेला पाणबुड्या परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुलं आतल्या उंच कट्ट्यावर आहेत, त्यांचे आवाज ऐकू येतात, पण मधला वाकणातला भाग पाण्यानं गच्च भरला आहे, पाण्याला ओढ आहे, आणि हाताला हात दिसत नाही, असं तो म्हणाला.

गावात असतील नसतील तेवढे पंप मागवले. पंपवाली आणि तिचा नवरा दोन डिझेल पंप टेम्पोत घालून पोचले. दोन तास ती गुडघाभर चिखलात उभी होती. एक पंप कचरा ओढून बसला की तो उघडायचा, साफ करायचा, परत चालू करायचा. पाणी तरीही दर अर्ध्या तासाला वीतभर चढत होतं. मुलांचा कट्टा किती उंच ते तिला ठाऊक होतं. लहानपणी त्यावर बसून तिनं वडिलांबरोबर डबा खाल्ला होता.

ती हात पुसत अग्निशमन दलाच्या प्रमुखाकडे गेली. शेजारी खुर्चीत साहेब बसले होते, टेबलावर नकाशा पसरून.

"पंपांनी होणार नाही," ती म्हणाली. "खालचं तोंड फोडा."

"कुठलं तोंड?" प्रमुखानं विचारलं आणि साहेबांकडे पाहिलं.

"असं काही नाही," साहेब म्हणाले. नकाशावरून त्यांनी मानही वर केली नाही. "ही तिच्या बापाची जुनी कहाणी आहे. गाव ओळखतं तिला."

प्रमुख अनुभवी होता. त्यानं क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, जागा दाखवा. मी फोडतो. चूक निघाली तर माझ्यावर."

इथे तिला बोट दाखवता आलं असतं. शंभर पावलांच्या भिंतीत तोंड एकसष्टाव्या पावलावर होतं; ती पावलं तिला झोपेतही मोजता आली असती. पण तिला लख्ख दिसलं, की भिंत फुटेल, मुलं बाहेर येतील, आणि संध्याकाळी हाच माणूस सांगेल की भिंत फोडायचा निर्णय मी घेतला. पाटी तशीच राहील.

"दाखवते," ती म्हणाली. "आधी यांनी सांगावं."

"अहो, मुलं आहेत आत."

"मला माहीत आहे. यांनाही माहीत आहे. एका वाक्याचं काम आहे."

तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. साहेब उठले, ओरडले नाहीत, पोलिसाला म्हणाले, "हिला बाजूला करा." पोलीस जागचा हलला नाही. नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "अगं, सांगून टाक." तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या आयांना काय चाललंय ते एव्हाना कळलं होतं. त्यातली एक दोरीखालून वाकून आली. तिच्या हातात लहान मुलीची चप्पल होती. ती पंपवालीसमोरून पुढे गेली. सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "असेल तर सांगा ना हो."

"होतं," साहेब पुटपुटले.

"मोठ्यानं," पंपवाली म्हणाली. "आणि कुणी बुजवलं तेही."

प्रमुखानं आपल्या हातातला वॉकीटॉकी सुरू करून त्यांच्या तोंडापुढे धरला. चारी बाजूंना उभ्या असलेल्या जवानांच्या खांद्यांवरच्या संचांतून साहेबांचा आवाज आला: "खालचं तोंड होतं. भिंत मी घातली. मला सांगितलं होतं."

दोन वाजून सत्तावीस. ती धावत सुटली.

भिंत फुटायला पाऊण तास लागला. शेवटचा दगड निखळला तेव्हा पाणी असं सुटलं की उभ्या दोन मोटारी आडव्या झाल्या. आत वाकणातलं पाणी छातीपर्यंत उतरलं. चार जवान दोर घेऊन निघाले तशी तीही निघाली. प्रमुख नको म्हणाला, तर म्हणाली, "तिथे वाट दोन ठिकाणी फुटते. तुमची माणसं डावीकडे गेली तर खड्ड्यात जातील." त्यानं दोराचं टोक तिच्या हाती दिलं.

मुलं कट्ट्यावर एकमेकांना चिकटून बसली होती. शिक्षिकेनं सगळ्यात लहान मुलीला मांडीवर घेतलं होतं; तिच्या एका पायात चप्पल नव्हती. मुलगी पंपवालीच्या डोक्यावरच्या दिव्याकडे बघून आक्रसली. "कंदीलवाला येतो," ती म्हणाली. "तो माणसं बुडवतो. दादांनी सांगितलं तिकीट देताना."

पंपवालीच्या कानशिलात रक्त चढलं. तेवढ्यातही तिनं आवाज सांभाळला. "तो माझा बाप," ती म्हणाली. "त्यानं कुणालाही बुडवलं नाही. मला ही वाट त्यानंच दाखवली. चल, गळ्यात हात टाक."

एकेक करून अकराही मुलं निघाली, शेवटी शिक्षिका.

घरी आईला बातमी आधीच पोचली होती. तिला कमी ऐकू यायचं. तिनं मुलांबद्दल विचारलं, सगळी सुखरूप आहेत म्हटल्यावर हात जोडले, आणि मग म्हणाली, "आणि तो? मोठ्यानं म्हणाला का? नाहीतर मला काय उपयोग, मला कुठे ऐकू येतं." पंपवाली त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पण ती लहान मुलगी तीन आठवडे दवाखान्यात राहिली. गारठ्यानं तिच्या छातीत पाणी झालं होतं. पंपवाली रोज बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची, आत जायची नाही. सात मिनिटांत किती गारठा भरतो, याचा हिशेब तिला लागत नव्हता. मुलगी बरी होऊन घरी गेली तरी लागला नाही.

चौकशी लागली, साहेब निलंबित झाले. एका दुपारी ते स्वतः दुकानात आले. अंगानं निम्मे झाले होते. उभ्या उभ्याच म्हणाले, "मी दबावाखाली बोललो असं लिहून देणार आहे. तुम्ही मुलांचे जीव टांगणीला लावून माझ्याकडून वदवलंत. हे बाहेर आलं तर लोक तुम्हालाही सोडणार नाहीत. त्यापेक्षा आपण दोघंही गप्प बसू."

ती कॉइलमध्ये तार भरत होती. वेढा पुरा करून तिनं मान वर केली. "मी कालच चौकशीत सांगितलं," ती म्हणाली. "दोन वीस ते दोन सत्तावीस. सही केली आहे. माझ्या बापाला खोट्यानं मारलंत तुम्ही. मी तुम्हाला खरं सांगून मारणार."

त्या जबाबाच्या वेळी चप्पलवाली आई समोरच्या रांगेत होती. सात मिनिटं ऐकून ती उठून निघून गेली. त्यानंतर ती पंपवालीशी कधी बोलली नाही. रस्त्यात दिसली की बाजू बदलते. पंपवालीनं तिला कधी थांबवलं नाही.

साहेबांवर खटला भरला गेला, पाटी उतरवली गेली. वडिलांचा बिल्ला सरकारी पाकिटातून घरी आला. नवरा म्हणाला, "आता झालं ना? आता तरी त्या तारखांना जाणं सोड. खटला दहा वर्षं चालेल."

"चालू दे," ती म्हणाली.

प्रत्येक तारखेला ती दुकान बंद करते, धुतलेली साडी नेसते आणि कोर्टात साहेबांना समोर दिसेल अशा बाकावर जाऊन बसते. ते पाणी मागतात, चष्मा पुसतात, वकिलाच्या कानाला लागतात, आणि मान वर केली की ती तिथेच असते.