खालच्या मजल्यावरचे फोटो

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका सिनेमावर जीव टाकणारा आणि तरीही सिनेमा न बघणारा माणूस अख्ख्या नव्या मुंबईत दुसरा नसेल. तीस वर्षं त्यांनी परळच्या एका स्टुडिओत लाइटमनचं काम केलं. निवृत्त होऊन एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास वाशीला फ्लॅट घेतला, तेव्हा टेम्पोतून कपाटाआधी उतरल्या त्या फ्रेमा. शूटिंगचे जुने, काळेपांढरे फोटो, चाळीसेक तरी! क्रेनवर चढलेला कॅमेरामन, मोठ्या पंख्याने वादळ उठवणारे कामगार, मुकुट मांडीवर ठेवून बशीतून चहा पिणारा राक्षस. हिरो-हिरॉइन असलेच तर पाठमोरे. भिंती भरत गेल्या आणि काकूंचं कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराआड गेलं. मीटर बघायला आलेला माणूस एकदा पाऊण तास अडकला. निघताना स्टुडिओतला दिवा कसा लावतात ते त्याला पाठ झालं होतं. मीटर मात्र बघायचं राहिलं.

"यात तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"मी कसा दिसणार? मी दिवा धरलाय, म्हणून हे दिसतायत." आणि सिनेमा का बघत नाही, तर, "पडद्यावर दिवे कुठे दिसतात हो?"

अशा माणसाच्या भिंतीला आमच्या बाथरूमची ओल लागली. ते तीनदा वर आले, दारातच उभे राहून म्हणाले, "पाइप जरा बघून घ्याल का? सवडीने हं." मी तिन्ही वेळा म्हणालो, "या रविवारी प्लंबर आणतोच." मग मे महिना आला आणि आम्ही घराला कुलूप लावून गावी गेलो.

परतलो तेव्हा पाइप फुटून खालचा हॉल भिजला होता. फोटो काचांना चिकटले होते. काका एकेक सोडवायला बघत, तर कागद हातात येई आणि माणसं काचेवर राहत.

"निगेटिव्ह असतील ना?" मी कसंबसं म्हणालो.

"स्टुडिओच राहिला नाही. निगेटिव्ह कुठल्या?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही प्रवासातून आलायत. आधी हातपाय धुवा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. भिंतींना रंग लागला, पण काकांनी त्यांवर पुन्हा काहीच लावलं नाही. पुढल्या वर्षी घर विकून ते लेकीकडे नाशिकला गेले.

प्लंबर मी गावाहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आणला होता. वीस मिनिटांत काम आटोपून तो चहा पीत बसला.