गंगाखेडची बंद खोली

पुण्यात शिक्षिकेचं शिक्षण संपवलं आणि सहा महिन्यांसाठी मी गंगाखेडच्या एका अनाथाश्रमात मुलांना शिकवायला गेले. एकोणीस वर्षांची होते. मनमाडला गाडी बदलली की निजामाचा मुलूख सुरू व्हायचा. नाक्यावर माझी ट्रंक उघडली. एका शिपायानं बालगीतांची वही पान अन् पान चाळली. त्याला मराठी वाचता येत नसावं, पण वही त्यानं लवकर परत दिली नाही. परक्या देशात आल्याचं मला तिथंच कळलं.

आश्रम म्हणजे गोदावरीकाठी एक कौलारू घर, बारा मुलं, चालवणाऱ्या मोठ्या बाई आणि स्वयंपाकाच्या मावशी. बहुतेक मुलांचे आईबाप पटकीच्या साथीत गेलेले. त्यातली एक मुलगी पाचेक वर्षांची. आजारी माणसांच्या एका गाडीतून कुणीतरी तिला बाजारात उतरवून गेलं होतं. ती बोलत नसे. माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती सरळ होईल म्हणून मी रोज तेल लावून चोळायची. दीड महिन्यानं ती माझ्याकडे बघून “दूद” म्हणाली, तेव्हा मी मावशींना मिठीच मारली. जाताना हिला पुण्याला न्यायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

मोठ्या बाई परभणीला कचेरीत गेल्या होत्या, त्या दिवशी दुपारी दाराशी एक माणूस आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाय धुळीनं भरलेले.

“बाई, माझ्या भनीची लेक हितं हाय म्हनं,” तो म्हणाला. “भन आन् दाजी दोगं बी गेले. आमी मेंढरं घेऊन लांब व्हतो, कळलंच न्हाई. चार बाजार हिंडलो. पोरीची ह्या हाताची करंगळी वाकडी हाय, मेंढरानं तुडवली व्हती.”

मी दार थोडं पुढं ओढून घेतलं.

“अशी मुलगी इथं नाही,” मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. “बरं. मोठ्या बाई येस्तोवर बसतो,” म्हणून फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली टेकला.

मी आत गेले. मुलगी मावशींजवळ बसून भाजी निवडत होती. तिला उचललं, धान्याच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. पोत्यांवर बसवून गोष्टी सांगू लागले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. खोलीत उकडत होतं. ती दाराकडे बोट दाखवायची आणि मी तिचा हात खाली घ्यायची. बाहेर मुलं विचारत होती, “बाई कुठं गेल्या?” एकदा तो माणूस खोकला, तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ती घाबरली. माझ्या हाताखाली तिचे ओठ थरथरत होते ते मला कळत होतं, तरी मी हात काढला नाही.

बऱ्याच वेळानं दारावर थाप पडली. मावशी होत्या.

“पोरगी त्येचीच हाय ना?”

“तो खरं बोलतोय कशावरून?”

“आन् खोटं बोलायलाय तर तुमी दार कामून लावलं?”

मी उठले. कडी काढली. मुलीचा हात धरून बाहेर आले. तिनं त्याला पाहिलं आणि ती माझ्यामागं लपली. मला आनंद झाला. आज इतक्या वर्षांनी लाज वाटते ती खोटं बोलल्याची कमी, त्या आनंदाची जास्त.

तो उठला नाही, पुढंही आला नाही. म्हणाला, “ठावं व्हतं मला हितंच हाय. तुमी पोरीचं नाव इचारलं न्हाई, गाव इचारलं न्हाई. नसती तर इचारलं असतं.”

मग त्यानं तिला तिच्या घरच्या नावानं हळूच हाक मारली. आम्ही तिला दुसऱ्याच नावानं हाक मारत होतो. ती माझ्या लुगड्याआडून डोकावली.

“मामा, आय कुटं हाय?”

इतके शब्द ती प्रथमच बोलली होती. त्याची मान खाली गेली.

“आय न्हाई राह्यली, माय. मामी हाय घरी.”

 ती माझा हात सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि रडू लागली. मी तिला रडताना कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील, परत पाठवतील, अशी माझी तयारी होती. त्या एवढंच म्हणाल्या, “त्याला अन् पोरीला दोघांना तुम्ही वाढा.” त्याची ओळख पटवणारी गावच्या पाटलाची चिठ्ठी येईपर्यंत चार दिवस तो ओसरीवर राहिला. चारही दिवस मी वाढलं. त्या दुपारबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

ती निघाली तेव्हा मी तिचे केस विंचरून दिले. मामाच्या खांद्यावर बसून ती कोकरांबद्दल काहीतरी विचारत होती, लागोपाठ, न थांबता. नदीच्या घाटाच्या वळणापर्यंत तिचा आवाज येत राहिला.