मुन्नारचे जाणकार

वरणाला उकळी आली की आमचे आचारी पळीतला थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि म्हणायचे, “मीठ हाय, पर अजून बोलंना.” मग माणसं भुकेनं कितीही कासावीस होवोत, वरण बोलेपर्यंत पंगत बसायची नाही.

मी तेव्हा संभाजीनगरातल्या एका छोट्या सहल कंपनीत होतो. आपली माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. दोन दिवस बसमध्ये अंग आंबवून थंड हवेला जातील, पण जेवायला पोळी-भाजीच हवी. म्हणून दर मे महिन्यात मुन्नारच्या बसबरोबर शेगड्या, पातेली आणि पडेगावचे हे आचारी जायचे. मंडळी चहाचे मळे बघायला निघाली की हे हॉटेलमागच्या पत्र्याखाली कांदा चिरायला बसायचे. मंडळी परतली की गरम पोळ्या तयार. घाट चढता-उतरताना ते मागच्या सीटवर पातेल्यांशेजारी गाढ झोपलेले असत. इतक्या वर्षांत मुन्नारमध्ये त्यांनी पाहिला तो फक्त तो पत्रा.

पडेगावात मात्र ते मुन्नारचे जाणकार. एकदा सहलीची तारीख सांगायला घरी गेलो, तर ओट्यावर चार माणसांना सांगत होते, “चहाचं झाड म्हंजी चिंचेवाणी. बाया शिड्या लावून पानं तोडत्यात.” मला पाहून जरा अडखळले. मी समोर आलेला चहा प्यालो, तारीख सांगितली आणि निघालो. दुसऱ्याच्या थापेत नाक खुपसायची मला सवय नाही.

एका वर्षी त्यांचा मदतनीस ऐनवेळी आजारी पडला आणि पोळ्या लाटायला त्यांची बायको आली. माहेर सोयगावकडचं, मेंढरं राखणारं घर. चालायला आणि बोलायला वहिनी सारख्याच खमक्या. मुन्नारला पोचल्यावर पहिल्याच सकाळी आचारी माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

“भाऊ, ती म्हणती मळे दाखवा.”

“मग दाखवा की.”

“म्या तरी कुठं पाह्यलेत? तिला वाटतं मला समदं ठावं हाय. बायकूसमोर पार हसं व्हईल माझं.”

त्या दिवशी मी सगळ्यांसाठी पुऱ्या-भाजी बांधून घ्यायला लावली आणि या दोघांनाही बसमध्ये बसवलं.

मळ्यापाशी उतरलो. डोंगरभर हिरवीगार झुडपं, जेमतेम कमरेएवढी. शिडी कुठंच नाही. आचारी हाताची घडी घालून उभे होते. वहिनींनी झुडपांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मी उगाच चपलेतला खडा काढू लागलो.

“औंदा छाटल्याली दिसत्यात,” वहिनी म्हणाल्या.

“व्हय,” आचारी पुटपुटले. “लई छाटली.”

मग दोघं पायवाटेनं वर गेले.

परतताना आचारी नेहमीसारखे झोपले. वहिनी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, “भाऊ, दरसाल ह्यांचे कपडे म्याच धुते. निस्ता फोडणीचा वास यायचा.” एवढंच बोलून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्याच वर्षी थंडीत आचारी गेले. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा घरात शेजारणी बसल्या होत्या. एकीनं विषय काढला, “औंदा तुमी बी गेल्या व्हत्या ना त्यांच्यासंगं?”

“गेले की,” वहिनी म्हणाल्या. “तिथल्या वाटा ह्यांना आपल्या गल्लीवाणी पाठ. धुकं असं आलं, हातभर दिसंना. तरी माझा हात धरून बराबर बसपस्तोर आणलं.”

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या धुक्यात दोघंही वाट चुकले होते. हाका मारत मारत त्यांना शोधून आणलं होतं मी.

“खरंय वहिनी,” मी म्हणालो. “त्यांच्याच मागं आम्ही सगळे खाली उतरलो.”