मुळासकट काढणारे साडू

मुंबईत वस्तू आणून ठेवणारी माणसं पायलीची पन्नास मिळतील, पण आणलेली वस्तू मागमूस न ठेवता घालवणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि माझ्या दुर्दैवानं तो माझा साडू आहे. मी तसा जन्मजात भित्रा. झुरळाला घाबरतो, लिफ्टला घाबरतो, बायकोच्या गप्प बसण्याला तर फारच घाबरतो. पण साडू चष्मा कपाळावर चढवून "साडूभाऊ, तुमच्या कॉम्प्युटरात बराच कचरो दिसता" असं म्हणाले, की जी भीती वाटते तिची सर कशालाच नाही. ते येणार असले की मी लॅपटॉप गाद्यांच्या मागे लपवतो आणि बिघडलाय म्हणून सांगतो. तेवढ्यानं भागत नाही, कारण बिघडलाय म्हटल्यावर त्यांना अधिकच हुरूप येतो.

साडू लालबागला चाळीत राहतात. निवृत्त होईपर्यंत ते एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचे. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करून नको असलेलं सॉफ्टवेअर काढायचं, हे त्यांचं काम, आणि ते त्यांच्या अंगात असं मुरलं की घरातही त्यांना दुसरं काही सुचत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की खिळा काढणार, खिळ्याचं भोक लांबीनं बुजवणार, वर रंगाचा हात मारणार आणि शेजाऱ्याला बोलावून विचारणार, "सांग बघू, खंय होता?" निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी कंपनीच्या यंत्रांमधून स्वतःचं नाव इतकं नीट काढलं, की निरोप समारंभाला दारावरच्या मशीननं त्यांना आत घेतलंच नाही. पुष्पगुच्छ त्यांनी वॉचमनच्या खुर्चीत बसून स्वीकारला. हा प्रसंग ते अजून मोठ्या अभिमानानं सांगतात. मला एकदा त्यांनी शास्त्र समजावलं होतं. "नुसता रिमूव्ह केला तर पावणो गेलो, पण चपला दारातच रवली. पर्ज म्हणजे चपलांसकट!" आणि पर्ज केल्यावरही साडूंचं समाधान होत नाही. नावाआधी ठिपका लावून लपून बसलेली फोल्डरं ते एकेक शोधून पुसतात. त्यांत आपण केलेली सेटिंग्ज असतात, पण साडूंच्या लेखी ती घाणच.

गंमत म्हणजे हा माणूस माझ्याइतकाच भित्रा आहे. हुकूम दिला की यंत्र आधी सांगतं, याच्यासोबत अमुक अमुकही जाणार, काढू का? होय की नाही? तिथं साडू अडतात. एकट्यानं होय म्हणायला त्यांची छाती होत नाही. त्यांचे वडील गावी देवळात गाऱ्हाणं घालायचे. साडूंनी तीच रीत कॉम्प्युटरपुढे आणली. दार उघडून गॅलरीत हाक मारायची, येतील तेवढे शेजारी आपल्या मागे उभे करायचे, आणि मग हात जोडून खणखणीत सुरू, "बा देवा म्हाराजा! ह्या मशिनीत जा काय जुना पडून आसा, ता आज जावची पाळी इली!" मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" मग जाणाऱ्यांची नावं एकेक करून वाचायची, दर नावाला होकार घ्यायचा, आणि शेवटच्या होकारावर बटण दाबायचं. पाप लागलंच तर सगळ्यांत वाटलं जावं, हा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी ताईंचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं, स्वरयंत्र कापून काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. साडूंनी तेव्हा पुस्तकं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आणलं. ताईंनी पुस्तकं ऐकली नाहीत, पण त्याच्यासोबत आलेला बोलणारा आवाज तेवढा उचलला. त्या टाईप करायच्या आणि यंत्र बोलायचं. दुपार-दुपार बसून त्यांनी त्याचा वेग कमी केला, पट्टी उतरवली, कुठं थांबायचं ते शिकवलं. एक दिवस खोलीतून "अहो, चहा निवला" असं ऐकू आलं आणि जिन्यात उभ्या असलेल्या माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब ताई!

त्या रविवारी साडूंना ते नुसतं पडून असलेलं पुस्तकांचं सॉफ्टवेअर खुपलं. गॅलरी भरली. मीही होतो. खाली मसाल्याच्या दुकानात कुटायचे डंख धडधडत होते, मिरचीच्या खकाण्यानं सगळे शिंकत होते. साडू नावं वाचत होते, ती नावं इंग्रजी आणि विचित्र, आम्हाला एकही कळत नव्हतं, आणि आम्ही शिंका आवरत होकार देत होतो. "व्हय म्हाराजा!" साडूंचं लक्ष होकारांकडे; त्या यादीत तो बोलणारा आवाजही आहे, हे हेरणारं माणूस खोलीत एकच होतं. ताई ओट्यापाशी उभ्या राहून पितळी डब्यावर लाटणं आपटत होत्या. आम्हाला वाटलं, ताल धरतायत. शेवटचा होकार झाला, साडूंनी बटण दाबलं, मग सवयीनं ती लपलेली फोल्डरंही पुसली.

ताई पुढे आल्या, काहीतरी टाईप केलं. यंत्र गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. साडूंचा चेहरा पांढरा पडला. माणूस समोर उभा असताना त्याचा आवाज आपण पुसला, याची जी भीती त्या खोलीत पसरली, तशी मी आयुष्यात कधी अनुभवली नाही.

सॉफ्टवेअर लगेच परत बसवलं. पण बोलली ती कुणी परकीच बाई, चिरक्या, घाईच्या स्वरात. ताईंची सेटिंग्ज गेली होती आणि आकडे त्यांनाही आठवेनात. जुन्या फोनांमध्ये त्यांचा आवाज शोधावा, तर ते सगळे फोन साडूंनी देऊन टाकताना मुळासकट पुसलेले. माझ्या बायकोचा फोनही त्यांनीच साफ केलेला. मग साडू प्रत्येकाला विचारत सुटले, "कसो होतो रे तिचो आवाज?" मी म्हटलं, जाडसर. बायको म्हणाली, छे, गोड होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, किंचित नाकातला. त्या दिवसापासून मी फार घाबरलो आहे. इतकी वर्षं ऐकलेलं माणूस असं विसरता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

परवा गेलो तर दोघं पडद्यापुढे. साडू पट्टी एक घर खाली आणत, "अशी?" ताई मान हलवत, नाही. "मगे अशी?" नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी ताईंनी डोळे मिटून ऐकलं, की-बोर्ड ओढून घेतला आणि टाईप केलं. यंत्र म्हणालं, "मलाही आता नीट आठवत नाही हो."

साडूंनी हात मागे घेतला आणि ते म्हणाले, "मगे ह्योच तुझो. बोल गो."