माझ्या खुर्चीत बसणारे साहेब

बिराजदार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. टेबलापुढं दाखल्यांच्या तक्रारी घेऊन पोरं उभी, म्हणून रडताही आलं नाही. त्यांची कामं उरकली आणि मग आत जाऊन पोटभर रडले.

सर आमच्या विद्यापीठात परीक्षा विभागाचे प्रमुख. मूळचे मंद्रूपचे, तिथली बोली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. मी तेव्हा खिडकीवर दाखले देणारी कंत्राटी कारकून. अकरा महिन्यांचा नेमणुकीचा आदेश, मग काही दिवस घरी, मग नवा आदेश आला तर आला. नवरा आजारी, दोन लेकी शिकत्या... आणि घरी बसले की पगार बंद. आणि हे गृहस्थ काय करायचे? मी घरी बसले की माझ्या खुर्चीत स्वतः जाऊन बसायचे, दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत. दाखले चुकायचे, पोरं कुरकुरायची आणि संध्याकाळी सर कामाच्या वहीत लिहायचे, 'आज तीन दाखले मी चुकीचे दिले. लताबाई असत्या तर चुकले नसते.' खाली सही.

मला संताप यायचा. एकदा तोंडावरच म्हणाले, "सर, वहीत लिहून काय होणार? वर जाऊन भांडा की."

"भांडान इसरत्यात बाई," ते म्हणाले. "लिवल्यालं ऱ्हातंय."

पुढं खिडकीच बंद करायची असं वर ठरत आलं. म्हणजे माझं पदच जाणार. ते ठरवणाऱ्या समितीपुढं सरांनी पाच वर्षांच्या वह्या ठेवल्या. मी दाराशी उभी होते. एक सदस्य म्हणाले, "ही तर तुमचीच नामुष्की आहे."

"व्हय," सर म्हणाले, "पर काम तिचं हाय. मला जमत न्हाय."

पद राहिलं. रीतसर मुलाखत होऊन मी कायम झाले. सरांना मात्र त्याच चुकांचा खुलासा मागणारं पत्र आलं. मला त्यांनी हे कधी सांगितलं नाही, ते निवृत्त झाल्यावर शिपाईमामांकडून कळलं. पाठीशी उभं राहतो म्हणणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. खुर्चीत येऊन बसणारा हा एकच. याला नेतृत्व वगैरे म्हणतात, हे त्यांना सांगितलं असतं तर हसले असते.

बढत्या मिळत मिळत आता विभाग माझ्याकडं आला आहे आणि खिडकीवर सलमा, तीही अकरा महिन्यांचीच. सर जाऊन पंधरा दिवस झाले आणि तिचा आदेश संपला. मी खिडकीवर बसले. आता सगळं कॉम्प्युटरवर, दुपारपर्यंत दोन दाखले चुकले. संध्याकाळी वही उघडली आणि पेन अडलं. गुपचूप दुरुस्त करून टाकता आलं असतं... स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहायला इतकं जड जातं? सरांनी माझ्यासाठी हे पाच वर्षं केलं होतं. लिहिलं, सही केली आणि ते पान सलमाच्या नव्या आदेशाच्या प्रस्तावाला जोडून स्वतः वर नेऊन दिलं.

परवा सलमाचा आदेश निघाला, या वेळी दोन वर्षांचा. तिनं लगेच फोन केला. "मॅडम, तुम्ही केलंत ना हे?"

"नाही गं, बिराजदार सरांनी."

"कोण बिराजदार सर?"

"उद्या लवकर ये," म्हटलं. "सांगते."