वेंकटरावांची दोन बोटं आणि टीव्हीवरची गिटार

तहसील कचेरीतला माझा अनुभव असा, की फाईल एकदा बंद केली की ती कायमची गप्प बसते. किश्श्याचं उलट असतं. तो सांगून बंद केला, तरी चार दिवसांनी दुसऱ्याच्या तोंडून दोन नवीन कागद जोडून परत येतो. मानवतला वेंकटरावांच्या बैठकीत गेल्या वर्षी असे इतके किस्से साचले, की आता ते जागेवर लावणं भाग आहे. मूळ प्रत माझ्याकडे आहे. गावात फिरतात त्या नकला.

वेंकटराव आमच्या कचेरीत टायपिस्ट होते. मराठी टायपिंग, दहाही बोटांनी, नजर कागदावर आणि गप्पा शेजारच्याशी. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याला ते 'साहेब' म्हणत, आणि ती शिवी होती. रिटायर झाल्यावर त्यांनी आईच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायला घेतल्या. निम्मी वही झाली आणि ज्येष्ठात त्यांना पॅरालिसिसचा हलका झटका आला. पाय आठ दिवसांत सुधारला. बोलणं तर थांबलंच नव्हतं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र कामावर रुजू होईनात.

परभणीचे डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा. संक्रांतीनंतर दाखवायला या. तोवर जेवढं परत आलं तेवढं आपलं. पुढचं मी सांगू शकत नाही."

व्यायामाला रबरी चेंडू दिला. वेंकटरावांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीत ठेवून दिला. "दिगंबरराव, ह्याच्यातून अक्षर उमटत न्हाई. उगं काय दाबायचं?"

*

उपाय त्यांच्या मुलीनं काढला. शरयू पुण्याला असते. तिच्या घरी एक व्हिडिओ गेम पडून होता. त्याची गंमत अशी, की तो खेळायला खरी गिटार लागते. गिटारची वायर यंत्राला, यंत्राची टीव्हीला. मग टीव्हीवर एक रस्ता दिसतो आणि त्यावरून रंगीत चौकोन आपल्याकडे धावत येतात. सहा तारांना सहा रंग. ज्या रंगाचा चौकोन येईल ती तार डाव्या हाताच्या बोटानं गिटारच्या दांडीवर, सांगितलेल्या घरात दाबायची आणि उजव्या हातानं छेडायची. बरोबर वाजलं तर चौकोन चमकतो. गाणं संपलं की टक्के.

हे सगळं सामान शरयूनं परभणीपर्यंत पाठवलं आणि तिथून मी एसटीनं आणलं. गिटार काळ्या पिशवीत, माझ्या मांडीवर आडवी. समोरच्या सीटवर फेटा बांधलेले एक आजोबा होते. पेडगाव गेलं तरी त्यांची नजर पिशवीवरच.

"कोन्या म्हाराजाचं कीर्तन हाय?"

"वेंकटरावांचं."

"चांगलं करतेत का?"

"अजून शिकायलेत."

आजोबांनी मान डोलावली. "मंग आजच ऐकून घेतलं पायजे. एकदा शिकले की लय लांबवतेत."

*

गेम वाजवू देण्याआधी तारा लावून घेतो. तार सैल असली की काटा डावीकडे, ताणली की उजवीकडे. काटा मधोमध आला की पुढे जायचं. वेंकटरावांनी खुंटी पिळायला घेतली. काटा मध्ये आला, तरी पिळतच राहिले.

मी म्हणालो, "झालं की आता."

"मार्जिन ठेवावं लागतं," ते म्हणाले, आणि तार तुटली.

मानवतला गिटारची तार मिळत नाही. फोन करून सांगायचं तर वेंकटरावांचा तोंडी कामावर विश्वास नाही. त्यांनी आठ बोटांनी टाइप करून पोटच्या मुलीला पत्र धाडलं. 'विषय : तार तुटल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...' खाली सही, आणि तुटलेली तार पुराव्यादाखल टाचणीनं लावलेली.

शरयूनं तारांचे दोन संच पाठवले. सोबत चिठ्ठी : 'मंजूर. यापुढे मार्जिन ठेवू नये.'

*

आमच्यातले तिसरे लतीफभाई. पूर्णेला रेल्वेत गार्ड होते, आता मुलाकडे मानवतला असतात. त्यांची बोटं ठणठणीत, पण वेंकटरावांना सोबत म्हणून तेही शिकायला बसले. हात चांगला, ताल पक्का. एकच अडचण. सगळ्यात जाड तारेचा रंग लाल.

लाल चौकोन दिसला की लतीफभाई थांबत. हात वर, नजर समोर, आणि चौकोन निघून जाईपर्यंत तसेच बसून. आम्ही सांगून थकलो, की लाल म्हणजे वाजवायचं.

"लाल देखके गाडी छोडना? नक्को. इन्क्वायरी लगती."

"अहो, नोकरी संपली ना तुमची?"

"नौकरी गई, आदत रही."

हिरव्याचं उलट. हिरवा चौकोन लांब क्षितिजावर दिसला, की तो पोचायच्या आत हे वाजवून मोकळे. कमलवहिनींनी, म्हणजे वेंकटरावांच्या पत्नीनं, शेवटी विचारलं, "भाईजान, तुमच्या गाड्या टाइमाच्या आधी सुटायच्या का?"

लतीफभाई म्हणाले, "म्हणून तर लोक पळत यायचे, वहिनी."

*

या गेमचा कारभार मला पहिल्याच आठवड्यात ओळखीचा वाटला. तुम्ही नीट वाजवलं की तो चौकोन वाढवतो. चुकलात की कमी करतो. म्हणजे जो काम करेल त्याच्या टेबलावर आणखी फायली, आणि जो घोटाळे करेल त्याला नुसता चहा. हे ज्यानं कुणी बनवलं, तो कधी ना कधी आमच्या कचेरीत येऊन गेला असणार.

वेंकटरावांना रोज साठ टक्के पडत. सोमवारी साठ, मंगळवारी एकसष्ट, बुधवारी साठ. श्रावण गेला, भाद्रपद निम्मा झाला, आकडा जागचा हलेना. मी आस्थापनेला होतो. हजेरीपटावर रोज बरोब्बर दहाला आल्याची सही करणारा माणूस मला लांबून कळतो.

"वेंकटराव," मी म्हणालो, "तुम्ही मुद्दाम चुकायलात."

त्यांनी गिटार पुसायला घेतली.

"साठच्या वर गेलं की ते तिसरं बोट मागतंय, दिगंबरराव. मागून करंगळी बी मागतंय. ती हलत न्हाईत. मंग वर जाऊन नापास कशाला व्हायचं? साठ म्हणजे फर्स्ट क्लास हाय."

संक्रांतीला चार महिने उरले होते, आणि हा माणूस दोन धडधाकट बोटांवर फर्स्ट क्लास काढत बसला होता.

वहिनी शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग ती दोन बोटं रजेवर हायत, का पेन्शनीत काढली?"

*

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर वहिनींच्या एका हातात फोन, दुसऱ्यात गेमचं बटणांचं खेळणं. पलीकडून शरयू सांगत होती, ह्या दाबत होत्या. गेममध्ये अशी एक सोय आहे, की तो आपण होऊन काम कमी करत नाही. गाणं जेवढं आहे तेवढं सगळं अंगावर येतं.

वेंकटराव नेहमीसारखे बसले. गाणं सुरू झालं आणि रस्त्यावरून चौकोन असे आले, जशी मार्चअखेरीस बिलं येतात. पिवळे, निळे, जोडीनं, चार-चारांच्या टोळीनं. वेंकटरावांनी पहिले तीन वाजवले आणि पुढं नुसते बघत राहिले.

सात टक्के.

लतीफभाईंनी खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. वहिनी म्हणाल्या, "सात तर सात. तुमचे हायत."

वेंकटरावांनी गिटार मांडीवर नीट घेतली. मग म्हणाले, "पुन्हा लावा."

सातचे नऊ व्हायला आठवडा लागला, नऊचे चौदा व्हायला दोन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करंगळीच्या शेजारचं बोट उचललं गेलं, निळ्या तारेवर टेकलं, आणि आवाज आला. आवाज म्हणजे डास कानाजवळून जावा तेवढाच. पण टीव्हीवरचा चौकोन चमकला.

लतीफभाईंनी शिट्टी मारली. रिटायर झालेल्या गार्डकडे शिट्टी कशी काय उरते, हे मी अजून विचारलेलं नाही.

वेंकटराव हसलेही नाहीत. बोट उचललं, परत टेकवलं. परत चमकला. मग वहिनींना म्हणाले, "तारीख लिहून ठेवा. एक जन रुजू झाला."

*

राहिली करंगळी. ती हलायची, तारेच्या दिशेनं निघायचीही. पण टपाल घेऊन निघालेला शिपाई जसा वाटेत चहाला वळतो, तशी मध्येच वळून परत यायची.

पौषात माझ्या पुतण्यानं शेतात हुरड्याला बोलावलं. पाथरी रस्त्याला शेत आहे. वेंकटराव गिटार घेऊन आले, आणि ज्वारीची कणसं भाजायला आगटी पेटल्यावर लोकांनी आग्रह केला. तिथं टीव्ही कुठला. आणि वेंकटरावांनी चौकोनांशिवाय कधी तार छेडलेली नव्हती.

त्यांनी बसायची जागा दोनदा बदलली. मग समोरच्या बाभळीच्या बुंध्यावर, साधारण टीव्हीच्या उंचीला, नजर लावली आणि सुरू केलं. गाणं अख्खं झालं. करंगळीच्या जागा गाळल्या, बाकी सगळं आलं. पंधरा-वीस माणसं मात्र मागं वळून बाभळीकडे बघत होती.

गाणं संपलं तरी वेंकटराव नजर काढेनात. पुतण्याचे सासरे शेवटी म्हणाले, "पाव्हणं, काय बघायलेत? साप हाय का?"

"न्हाई. टक्के."

सासऱ्यांनी बाभळीकडे एकदा बघितलं, हातातला हुरडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "सत्तर हायत. खा आता."

*

संक्रांत झाली. परभणीला दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. वेंकटराव, वहिनी आणि कागदपत्रं सांभाळायला मी. वाटेत वहिनींनी दोनदा पिशवीतून डबा काढला आणि दोनदा तसाच आत ठेवला.

डॉक्टर तरुण. जुने कागद चाळले, पायाला हातोडी मारून बघितली, हात वर-खाली करायला लावले. मग स्वतःची दोन बोटं पुढं करून म्हणाले, "काका, डाव्या हातानं दाबा बरं. जमेल तेवढं."

वेंकटरावांनी त्या दोन बोटांकडे बघितलं. त्यांना ती काही पटली नसावीत. त्यांनी डॉक्टरांचा सबंध हात कोपरापासून उचलला, स्वतःसमोर गिटारच्या दांडीसारखा आडवा धरला आणि मनगट थोडं वर केलं. अंगठा खालून लावला. मग मनगटाच्या आतल्या बाजूनं पहिलं बोट टेकलं, दुसरं टेकलं, जरा थांबून तिसरं टेकलं. डॉक्टरांची भुवई वर गेली. पेन टेबलावरून खाली पडलं, ते कुणी उचललं नाही.

वेंकटरावांनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला होता. डॉक्टरांचा हात तळव्याकडे पांढरा पडायला लागला.

"काका," डॉक्टर म्हणाले, "झालं. छान आहे. सोडा आता, हाताला मुंग्या यायला लागल्यात."

"जरा दम धरा, साहेब," वेंकटराव डोळे न उघडता म्हणाले. "करंगळी निघालीय."