दोन्हींत नसलेली

वर्तुळबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. चष्म्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर सकाळी आठला तिचा वर्ग भरायचा, तिथल्या मुलामुलींनी ते पाडलं होतं. तोंडावर मात्र सगळे गुमान ‘मॅडम’ म्हणत. नोकरीसाठी चाळणी परीक्षा देणारी ही विशी-पंचविशीतली मंडळी. गणिताचं नाव काढलं की निम्मे घड्याळाकडे बघायचे. त्यातही एका उदाहरणाला सगळेच टरकून असत: इतक्यांना चहा आवडतो, इतक्यांना कॉफी, इतक्यांना दोन्ही, तर दोन्ही न आवडणारे किती?

बाई फळ्यावर एकमेकांत घुसलेली दोन वर्तुळं काढायची. ‘‘आधी मधलं घर भरा,’’ ती सांगायची. ‘‘मधले लोक दोनदा मोजले जातात, तिथेच तुमचं गाडं घसरतं. आणि शेवटी वर्तुळांच्या बाहेर बघा. बाहेरचे लोक आपण होऊन हाका मारत नाहीत.’’

तिची पद्धत अशी, की पुस्तकातलं उदाहरण घ्यायचंच नाही. वर्गालाच उदाहरण करायचं. त्या दिवशीही तिने तेच केलं. आधी डोकी मोजली. बेचाळीस. सहा रांगा, रांगेत सात खुर्च्या, एकही रिकामी नाही.

‘‘मोठं भावंड असलेल्यांनी हात वर करा.’’ तेवीस. ‘‘धाकटं असलेल्यांनी?’’ एकवीस. ‘‘दोन्ही असलेले?’’ नऊ.

तिने फळ्यावर मांडलं. तेवीस अधिक एकवीस, चव्वेचाळीस. त्यातून दोनदा आलेले नऊ वजा, पस्तीस. बेचाळिसातून पस्तीस गेले, उरले सात. ‘‘म्हणजे सात जण एकुलते एक, घरचे लाडोबा. करा बघू हात वर.’’

सहा हात वर आले.

‘‘सातवा लाडोबा झोपलाय वाटतं,’’ बाई म्हणाली. वर्ग हसला. सातवा हात काही आला नाही. तिने पुन्हा डोकी मोजली, पुन्हा हात मोजले. मग प्रश्न बदलला: चालत येणारे, बसने येणारे, थोडं चालून थोडं बसने येणारे. बाहेर उरायला हवे होते पाच, हात आले चार.

आता तीही इरेला पेटली. तिने खडूने जमिनीवरच दोन मोठी वर्तुळं काढली, खुर्च्या भिंतीशी सरकवल्या आणि भावंडांच्या हिशेबाने सगळ्यांना उभं केलं. फक्त मोठं भावंड असलेले चौदा डावीकडे, नऊ मध्ये, फक्त धाकटं असलेले बारा उजवीकडे, सहा बाहेर. एकेचाळीस. हजेरीपट उघडला, तर त्यातही नावं एकेचाळीसच. नावं पुकारली, प्रत्येक नावाला ओ आली. मग तिने सगळ्यांना खुर्च्या जागेवर आणून बसायला सांगितलं.

एकही खुर्ची रिकामी राहिली नाही.

पहिल्या रांगेतल्या मुलाने मान वळवून मोजायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर येऊन तो थांबला. पुढे मोजायची त्याला इच्छा झाली नाही. त्या दिवशी वर्ग दहा मिनिटं आधीच सुटला.

बाई आणि तिची थोरली बहीण दोघीच एका घरात राहत. ताई ऑपरेशन थिएटरातली निवृत्त नर्स. तीस वर्षं तिने कापसाचे बोळे आणि चिमटे मोजले होते. मोजणी जुळल्याशिवाय तिने एकाही सर्जनला पोट शिवू दिलं नव्हतं.

‘‘स्वतःला धरून मोजलं असशील,’’ ताई म्हणाली.

‘‘तेवीस वर्षं शिकवतेय गं. मी स्वतःला कशाला मोजू?’’

‘‘मग मी येते उद्या. माझी मोजणी चुकत नाही.’’

दुसऱ्या दिवशी ताई दाराशी उभी राहिली. वर्ग बसलेला असताना तिने बोटाने एकेक डोकं टिपलं. बेचाळीस. बाईने सगळ्यांना उठून भिंतीकडे जायला सांगितलं. एकेचाळीस. ताईने दाराची कडी घट्ट धरलेली बाईला दिसली.

बाहेर जिन्यात आल्यावर ताई म्हणाली, ‘‘दुसरी रांग, खिडकीकडून तिसरी खुर्ची. तिथून कुणी उठलं नाही.’’

‘‘रिकामी होती?’’

‘‘नव्हती ना! तीच तर गंमत. मुलगी होती. मी तिच्याकडे चांगलं बघितलं. बघताना चेहरा अगदी ओळखीचा वाटत होता.’’

‘‘मग? कशी होती दिसायला?’’

ताईने कपाळावर हात ठेवला. ‘‘नाही आठवत गं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आत्ता बघितलं, आणि नाही आठवत.’’

त्या संध्याकाळी बाईचं कशात लक्ष लागेना. ती डोळे मिटून वर्ग आठवू लागली. पहिली रांग आठवली, कारण तिथले फटाफट उत्तरं देत. शेवटची आठवली, कारण तिथले चेष्टामस्करी करत. दुसऱ्या रांगेशी आली, की नुसत्या माना आणि वह्या. या वर्षी त्या रांगेतल्या कुणाला आपण काही विचारलं का, हे तिला काही केल्या आठवेना. अंगावर सरसरून काटा आला तो तेव्हा. वर्गात आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती फळ्याकडे पाठ करून उभी राहिली. डोकी मोजली, बेचाळीस.

‘‘आज वेगळं विचारते. मी ज्यांना एकदा तरी जागेवर प्रश्न विचारलाय, त्यांनी हात वर करा.’’ सतरा. ‘‘ज्यांना फळ्यावर बोलावलंय?’’ बारा. ‘‘दोन्ही?’’ आठ.

सतरा नि बारा एकोणतीस, वजा आठ, एकवीस. बाहेर उरले एकवीस. अर्धा वर्ग! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘आणि ज्यांना मी काहीच विचारलं नाही, कधीच बोलावलं नाही, ते?’’

हात वर येऊ लागले. हळूहळू, अवघडत. एक, दोन, सात, बारा. एकोणीस, वीस. दुसऱ्या रांगेत, खिडकीकडून तिसऱ्या खुर्चीवर, एक हात वर आला. बाहीचं बटण नीट लावलेला, बोटं जुळवलेली.

एकवीस.

बाई रांगेत शिरली. खुर्चीपाशी जाऊन वाकली. ‘‘तुझं नाव काय, बाळ?’’ तिने विचारलं.

वर्गाने पाहिलं ते असं: मॅडम एका रिकाम्या खुर्चीशी वाकल्या, कान देऊन ऐकत राहिल्या, मान डोलावली. मग टेबलाशी येऊन हजेरीपटात एकेचाळिसाव्या नावाखाली एक नाव लिहिलं. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी रडत होती. का, ते तिला सांगता येईना.

त्यानंतर मोजणी बसूनही एकेचाळीस आणि उभं राहूनही एकेचाळीस.

घरी ताई वाटाणे सोलत बसली होती. ‘‘काय नाव सांगितलं तिने?’’

बाईने सांगितलं.

‘‘छान आहे,’’ ताई म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली. थोड्या वेळाने तिने तेच नाव स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं.

बाई रोज सकाळी ते नाव पुकारायची. इतर नावांनंतर थांबायची तेवढंच थांबायची, मग गैरहजेरी मांडायची. पहिल्या आठवड्यात मागच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात ओ दिली. कुणी हसलं नाही. पुन्हा तसं कुणी केलंही नाही. त्या खुर्चीवर कुणी दप्तरसुद्धा ठेवत नसे. बाईने मात्र आता शिकवण्याची तऱ्हा बदलली होती. रोज नव्या सात जणांना ती फळ्याशी बोलवायची, चुकलं तर खडू त्यांच्याच हातात ठेवून शेजारी उभी राहायची. दुसऱ्या रांगेत दोन मुलगे गणितात भलतेच तयार निघाले, त्याचं तिला नवल वाटलं आणि वाईटही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटची हजेरी होती. बेचाळिसावं नाव पुकारून ती थांबली. मग रकान्याशी पेन नेलं.

‘‘मॅडम,’’ त्या दिवशी रडलेली मुलगी म्हणाली, ‘‘आज नका मांडू.’’

‘‘का गं?’’

‘‘येतही असेल. जिन्यात असेल.’’

कुणीही दाराकडे वळून बघितलं नाही. बाईने पेनाला टोपण लावलं आणि तो रकाना तसाच सोडला. मग तिने सगळ्यांना ओळखपत्र आणि दोन पेनं न विसरता न्यायला सांगितलं, आणि वर्ग सोडला.